उजेडाचे औषध

मुलांनो, भूगोलाच्या तासाला तुम्ही आशिया खंडाचा नकाशा पाहता. आपल्या देशाच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे. तो ओलांडून पुढे गेले, की अरबस्तानचे मोठे द्वीपकल्प लागते. त्या द्वीपकल्पाच्या पूर्व कडेला, आखाताच्या पाण्यात अंगठ्यासारखा घुसलेला एक चिमुकला देश दिसतो. त्याचे नाव कतार. हा देश आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान आहे. दोहा ही त्याची राजधानी. पूर्वी तेथील लोक समुद्रात बुड्या मारून मोती काढत. ते मोती विकायला मुंबईच्या बाजारात येत. आता तेथे खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांचा मोठा व्यवसाय चालतो. कोकणातल्या कितीतरी घरांतले काका, मामा, मोठे भाऊ कामासाठी अशा आखाती देशांत गेले आहेत. तुमच्याही ओळखीचे कोणी तेथे असेल.

कतारमध्ये ऊन मोठे कडक. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. कधी कधी ४५ अंशांच्याही वर चढतो. अशा उन्हात राबणे जिवावर बेतते. म्हणून २०२१ साली तेथे एक नियम झाला. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन वाजेपर्यंत उघड्या उन्हात कोणाकडून काम करून घ्यायचे नाही.

पण गंमत पाहा. उन्हाला भिऊन लोक दिवसभर घरात किंवा कचेरीत बसतात. त्यामुळे एवढ्या लखलखीत उन्हाच्या देशातही अनेकांच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडते. हे जीवनसत्त्व तयार करायला आपल्या त्वचेला सूर्यप्रकाश लागतो. म्हणजे ऊन फार झाले तरी अपाय, आणि मुळीच मिळाले नाही तरी अपाय. ऊन मापात हवे. हा ‘माप’ शब्द नीट लक्षात ठेवा. आज आपण एका निराळ्या औषधाची माहिती घेणार आहोत. ते बाटलीत नसते, गोळीत नसते, सुईतही नसते. ते औषध म्हणजे उजेड.

उजेडाने कधी आजार बरा होतो का, असे तुम्ही विचाराल. तुमच्या आईला किंवा आजीला विचारून पाहा. जन्मल्यावर एखाद्या बाळाला कावीळ झाली, की त्याला दवाखान्यात निळ्या उजेडाच्या दिव्याखाली ठेवतात. बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. दोन-तीन दिवसांत त्याचा पिवळेपणा कमी होऊ लागतो. बाळाच्या शरीरात साठलेला पिवळा पदार्थ निळा उजेड शोषून घेतो. त्यामुळे तो पदार्थ बदलतो आणि शरीराबाहेर टाकणे सोपे जाते. दोहा शहरातल्या मोठ्या रुग्णालयात असो, की आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात, हा उपचार असाच होतो.

बाळाच्या त्या काविळीत मारायला जंतू नसतात. मग उजेड जंतूंना मारू शकेल का? आणि जे जंतू औषधालाही दाद देत नाहीत, त्यांना मारू शकेल का? हा प्रश्न आज जगातल्या अनेक शास्त्रज्ञांपुढे आहे. त्याचे उत्तर समजून घेण्याआधी आपण जंतूंची ओळख करून घेऊ.

आपली त्वचा म्हणजे शरीराच्या किल्ल्याची तटबंदी. ऊन, वारा, धूळ आणि जंतू यांना ती बाहेरच अडवते. या तटावर लक्षावधी सूक्ष्मजीव राहतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. पण काही संधीची वाट पाहणारे असतात. असाच एक जंतू आहे, त्याचे नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा आहे. सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर हे जंतू द्राक्षांच्या घोसासारखे एकमेकांना चिकटलेले दिसतात, आणि त्यांची वस्ती सोनेरी रंगाची दिसते. म्हणून आपण त्यांना ‘सोनेरी जंतू’ म्हणू. दर तीन माणसांमागे साधारण एकाच्या नाकात हे जंतू गुपचूप मुक्काम करून असतात. त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

तटबंदीला भगदाड पडले, की मात्र हे जंतू आत शिरतात. खेळताना गुडघा फुटतो, खाजवून फोड फुटतो, घामाने अंगावर पुरळ उठते. तेथून जंतू आत गेले, की गळू होते, केसतूड होते, जखमेत पू धरतो. कडक उन्हाळा, अंगावर वाळलेला घाम, एका खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसे आणि सर्वांमध्ये एकच पंचा अशी स्थिती असेल, तर हे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातात. मग ती खोली दोहा शहरात असो, नाही तर तुमच्या वसतिगृहात.

शंभर वर्षांपूर्वी असे साधे गळूही कधी कधी जीव घेत असे. जंतू रक्तात पसरले, की डॉक्टरांचा इलाज चालत नसे. मग १९२८ साली लंडनमध्ये एक नवल घडले. अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचे शास्त्रज्ञ या सोनेरी जंतूंच्या जातीचाच अभ्यास करत होते. त्यांच्या एका काचेच्या बशीत बुरशी उगवली होती. त्या बुरशीभोवतीचे जंतू मरून गेलेले त्यांना दिसले. त्या बुरशीच्या रसाला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. पुढे फ्लोरी आणि चेन या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून औषध तयार केले. जंतूंना मारणाऱ्या किंवा त्यांची वाढ थांबवणाऱ्या अशा औषधांना प्रतिजैविके म्हणतात. या औषधांनी कोट्यवधी लोकांचे प्राण वाचवले. १९४५ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात फ्लेमिंग यांनी जगाला एक इशारा दिला. औषध अपुरे घेतले, तर जंतू मरणार नाहीत. उलट ते औषध पचवायला शिकतील, असे त्यांनी सांगितले. तो इशारा खरा ठरला.

हे कसे घडते? तुमच्यापैकी काहींच्या घरी कपाशीचे शेत असेल. अळी पडली, की वडील फवारणी करतात. बहुतेक अळ्या मरतात. पण हजारांतली एखादी अळी चिवट असते. ती वाचते. तिची पिल्लेही तशीच चिवट निघतात. पुन्हा पुन्हा तेच औषध फवारले, तर काही वर्षांनी शेतात चिवट अळ्याच उरतात. जंतूंचेही असेच होते. फरक एवढाच, की अळीची नवी पिढी यायला काही आठवडे लागतात, तर अनुकूल स्थितीत जंतूंची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होते!

सोनेरी जंतूंनी आधी पेनिसिलिनला दाद देणे सोडले. मग शास्त्रज्ञांनी मेथिसिलिन नावाचे नवे औषध काढले. ते १९६० च्या सुमारास वापरात आले. पण १९६१ सालीच इंग्लंडमध्ये मेथिसिलिनलाही न जुमानणारे सोनेरी जंतू सापडले. त्यांना डॉक्टर ‘एमआरएसए’ या नावाने ओळखतात. आज ते जगभर आढळतात. इतर काही जंतूही असेच हट्टी झाले आहेत. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

ही चिंता कोणत्याही एका देशाची नाही. माणसे विमानाने प्रवास करतात, तसे त्यांच्यासोबत जंतूही प्रवास करतात. म्हणून डिसेंबर २०१३ मध्ये दोहा येथे भरलेल्या आरोग्यविषयक जागतिक परिषदेत या प्रश्नाचा खास विचार झाला. त्यासाठी नेमलेल्या अभ्यासगटाचे नेतृत्व इंग्लंडच्या त्या वेळच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी केले होते. सर्व देशांनी मिळून प्रतिजैविके जपून वापरली पाहिजेत आणि जंतूंशी लढण्याचे नवे मार्ग शोधले पाहिजेत, असा विचार तेथे मांडला गेला.

नवा मार्ग शोधताना शास्त्रज्ञांना एक जुनी वाट आठवली. ती वाट उजेडाची होती. ती पाहण्यासाठी आपल्याला दोहा शहराच्या अगदी उलट हवेच्या देशात जावे लागेल. तेथे हिवाळ्यात सूर्य उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो. त्या देशाचे नाव डेन्मार्क.

डेन्मार्कमध्ये नील्स फिन्सेन नावाचे डॉक्टर होते. त्यांचा जन्म १८६० साली फेरो बेटांवर झाला. तरुणपणीच त्यांना एक बरा न होणारा आजार जडला. ते नेहमी थकलेले असत. त्यांच्या घराचे तोंड उत्तरेकडे होते. घरात ऊन येत नसे. उन्हात बसले, की आपल्याला बरे वाटते, असे त्यांच्या लक्षात आले. एक मांजर छपरावर उन्हात झोपे आणि सावली सरकत आली, की उठून पुन्हा उन्हात जाऊन बसे. मांजराला ऊन का हवे असते? या विचाराने त्यांनी प्रकाशाचा अभ्यास सुरू केला, असे सांगतात.

त्या काळी ‘ल्युपस’ नावाचा एक भयंकर त्वचारोग होता. क्षयाचे जंतू चेहऱ्याच्या त्वचेत शिरत. नाक, गाल, ओठ हळूहळू झिजून जात. चेहरा विद्रूप होई. असे रोगी लाजेने घराबाहेर पडत नसत. १८९५ साली फिन्सेन यांनी कोपनहेगन शहरात अशा एका रोग्यावर विजेच्या प्रखर दिव्याने उपचार केले. हा रोगी अनेक वर्षे इलाज करून थकला होता. काही महिन्यांत त्याच्या चेहऱ्यात खूप सुधारणा झाली.

१८९६ साली फिन्सेन यांनी प्रकाशोपचाराची संस्था सुरू केली. तेथील दिवा मोठा नवलाचा होता. मध्ये एक प्रखर दिवा आणि त्याच्याभोवती दुर्बिणीसारख्या चार नळ्या. एका वेळी चार रोगी चार बाजूंना निजत. नळीतील भिंगे उजेड एका ठिकाणी गोळा करत. उष्णतेने त्वचा भाजू नये, म्हणून नळीत पाणी ठेवलेले असे. परिचारिका प्रत्येक रोग्याजवळ बसून एक लहान भिंग त्वचेवर दाबून धरत. दाबाने तेथील रक्त बाजूला सरे आणि उजेड आतपर्यंत पोहोचे. असे महिनोन्महिने चाले. केवढी चिकाटी ही! रोग्यांची, परिचारिकांची आणि डॉक्टरांचीही. शेकडो लोकांना त्यांचे चेहरे परत मिळाले.

१९०३ साली फिन्सेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते घ्यायला जाण्याचे त्राण त्यांच्यात नव्हते. ते चाकाच्या खुर्चीत बसून होते. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्वतःचा आजार बरा न होताही त्यांनी इतरांना बरे करण्याची वाट शोधली.

त्याच सुमारास जर्मनीतील म्यूनिक शहरात ऑस्कर राब नावाचा एक विद्यार्थी प्रयोग करत होता. पाण्यातल्या पॅरामेशियम नावाच्या सूक्ष्मजीवांवर एका रंगाचा काय परिणाम होतो, हे तो पाहत होता. एकदा ते जीव लवकर मेले. दुसऱ्यांदा तेवढ्याच रंगात ते बराच वेळ जगले. असे का व्हावे? राबने बारकाईने विचार केला. दोन्ही वेळी रंग तोच होता, पाणी तेच होते. फरक होता तो उजेडाचा. रंग आणि उजेड एकत्र आले, की जीव मरत. नुसत्या रंगाने किंवा नुसत्या उजेडाने तसे होत नसे. १९०० साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्याचे गुरू टॅपायनर यांनी पुढे दाखवून दिले, की या कामी हवेतला प्राणवायूही लागतो.

चुलीला तीन दगड लागतात. एक काढून घेतला, की भांडे कलंडते. उजेडाच्या या उपचाराचेही तसेच आहे. त्याला रंग, उजेड आणि प्राणवायू अशा तीन गोष्टी लागतात. आधी जंतू असलेल्या जागी विशिष्ट रंग लावतात. तो रंग जंतूंना चिकटतो. मग त्यावर योग्य रंगाचा उजेड पाडतात. रंग उजेडाची शक्ती शोषून घेतो आणि ती जवळच्या प्राणवायूला देतो. एरवी शांत असणारा प्राणवायू मग खवळतो. तो जंतूंच्या आवरणावर आणि आतल्या भागांवर तुटून पडतो. उजेड बंद केला, की हे काम थांबते. जेथे रंग आणि उजेड दोन्ही पोहोचतात, तेथेच ते मुख्यतः घडते.

हट्टी जंतू या उपचारापुढे हतबल का होतात? प्रतिजैविक हे एका कुलपाच्या किल्लीसारखे असते. जंतूने कुलूप बदलले, की किल्ली लागत नाही. पण खवळलेला प्राणवायू म्हणजे घरावर पडणाऱ्या ठिणग्या. त्या छपरावर पडतात, दारावर पडतात, कणगीवरही पडतात. जंतूने किती ठिकाणी बचाव करावा? म्हणून उजेडाला दाद न देण्याची युक्ती जंतूंना सहजी सापडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, फिन्सेन तर कोणताच रंग लावत नव्हते. मग त्यांचे रोगी कसे बरे झाले? हे कोडे शंभर वर्षे होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांनी जंतू थेट मरत असावेत, असे पुष्कळांना वाटे. २००५ साली कोपनहेगनच्याच संशोधकांनी फिन्सेन यांची जुनी भिंगे तपासली. जंतूंना थेट मारणारे तीव्र अतिनील किरण त्या भिंगांतून पार जातच नव्हते! मग लक्षात आले, की क्षयाच्या जंतूंच्या अंगातच उजेड शोषणारे पदार्थ असतात. म्हणजे तिसरा दगड जंतूने स्वतःच आणून दिला होता.

मग एवढी चांगली वाट लोक विसरले कसे? १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे प्रतिजैविक सापडले. त्यानंतर अशी आणखी औषधे निघाली. गोळी घेणे किंवा सुई टोचणे सोपे. महिनोन्महिने दिव्यासमोर निजणे अवघड. म्हणून ते दिवे अडगळीत गेले. आता औषधे थकू लागली, तेव्हा पुन्हा उजेडाची आठवण झाली.

आज या वाटेवर नव्याने पावले पडत आहेत. कॅनडातील व्हँकुव्हर जनरल हॉस्पिटलमध्ये २०११ साली एक प्रयोग सुरू झाला. शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या नाकात मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग लावत आणि त्यावर काही मिनिटे लाल उजेड पाडत. नाकात लपलेले सोनेरी जंतू शस्त्रक्रियेच्या जखमेत शिरू नयेत, म्हणून ही खबरदारी. त्याबरोबर अंगही जंतुनाशकाने पुसत. ३००० हून अधिक रुग्णांवर हा उपाय केला गेला. पूर्वी दर हजार रुग्णांमागे सुमारे २७ जणांच्या जखमा चिघळत. आता ती संख्या सुमारे १६ वर आली.

२०१९ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी आणखी एक गंमत शोधली. सोनेरी जंतूंचा तो सोनेरी रंग त्यांचे चिलखत असतो. निळ्या उजेडाने हा रंग फिका पडतो. चिलखत गेले, की जंतू दुबळा होतो. मग साध्या जंतुनाशकानेही तो लवकर मरतो. २०२३ साली ब्राझील आणि अमेरिका येथील शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत असेही दाखवले, की उजेडाचा मारा पुन्हा पुन्हा केल्यावर काही हट्टी जंतू प्रतिजैविकांना पुन्हा दाद देऊ लागतात. म्हणजे उजेड जुन्या औषधांचा शत्रू नाही. तो त्यांचा साथीदार होऊ शकतो.

आपल्या स्वयंपाकघरातली हळदही या संशोधनात आहे बरे का! हळदीतला पिवळा रंग निळा उजेड शोषून घेतो. म्हणून काही शास्त्रज्ञ या कामासाठी त्याचा उपयोग करून पाहत आहेत. पण मुलांनो, हळद लावून उन्हात बसले, की जखम बरी होईल, असे मात्र समजू नका. किती रंग, कोणता उजेड, किती मिनिटे, हे सारे मोजावे लागते. उन्हात सर्व रंगांचा उजेड आणि अतिनील किरणही असतात. त्यांनी त्वचा भाजते. दिव्याच्या प्रखर उजेडाने डोळ्यांनाही इजा होते. म्हणून हा उपचार डॉक्टरांनीच करायचा असतो.

या उपचाराला मर्यादाही आहेत. उजेड त्वचेत फार खोल जात नाही. हाडात, फुप्फुसात किंवा रक्तात गेलेल्या जंतूंपर्यंत तो सहज पोहोचत नाही. तेथे प्रतिजैविकेच लागतात. हट्टी जंतूंच्या जखमांसाठी उजेडाचा उपचार अजून सर्व दवाखान्यांत मिळत नाही. त्याच्या चाचण्या चालू आहेत. म्हणून आहेत ती औषधे टिकवणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.

त्यात तुमचाही वाटा आहे. खेळून आल्यावर साबणाने हातपाय धुवा. खरचटले, तर जखम स्वच्छ पाण्याने धुऊन झाका. गळू पिळू नका; मोठ्यांना दाखवा. आपला पंचा, वस्तरा आणि कपडे दुसऱ्याला देऊ नका, दुसऱ्याचे घेऊ नका. प्रतिजैविके डॉक्टरांनी दिली तरच घ्या. ती सांगितली तितकीच आणि सांगितले तितके दिवस घ्या. बरे वाटले, म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. शेजाऱ्याच्या घरातली उरलेली गोळी घेऊ नका. सर्दीसाठी प्रतिजैविके मागू नका. सर्दीच्या विषाणूंवर ती चालत नाहीत. दूरदेशी असलेल्या काकांना किंवा मामांना पत्र लिहाल, फोन कराल, तेव्हा त्यांनाही हे सांगा. ते कामात असतात. छोट्या जखमेकडे दुर्लक्ष करतात. तुमच्या एका वाक्याने ते वेळेवर डॉक्टरांकडे जातील.

कतारच्या वाळवंटात जो सूर्य तळपतो, तोच तुमच्या अंगणातही उगवतो. तो जाळतो आणि जगवतोही. माणसाने त्याच्या उजेडाला समजून घेतले, मोजले आणि त्याचे औषध केले. अजून पुष्कळ शोधायचे बाकी आहे. ते शोधणाऱ्यांत उद्या तुमच्यापैकीही कोणी असेल.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कतार देशाची राजधानी कोणती?
(आ) सोनेरी जंतू सूक्ष्मदर्शकातून कसे दिसतात?
(इ) फ्लेमिंग यांनी १९४५ साली कोणता इशारा दिला?
(ई) फिन्सेन यांना नोबेल पारितोषिक कोणत्या साली मिळाले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जंतू औषधांना दाद देईनासे कसे होतात? कपाशीच्या शेताचे उदाहरण देऊन सांगा.
(आ) उजेडाच्या उपचाराला चुलीच्या तीन दगडांची उपमा का दिली आहे?
(इ) फिन्सेन यांच्या दिव्याच्या नळीत पाणी का ठेवत?

३. कारणे द्या.
(अ) कतारमधील अनेकांच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व कमी असते.
(आ) हळद लावून उन्हात बसणे हा जखमेवरचा उपचार नव्हे.

४. करून पाहा.
पतंगाच्या रंगीत कागदाचा एक तुकडा घ्या. त्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका. कागद दोन आठवडे उन्हात ठेवा. मग पुठ्ठा काढून दोन्ही भागांचा रंग पाहा. काय फरक दिसतो? तो कशामुळे पडला असेल, हे वर्गात सांगा.

५. दूरदेशी काम करणाऱ्या नातेवाइकांना त्वचेची काळजी कशी घ्यावी, हे सांगणारे पत्र लिहा.